मोजणीबाहेरच्या बाया
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



जुगाराचा नाद असा किती जणांना असतो, हे मला नेहमी विचारलं जातं. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'च्या आयोगाने २०२४ साली जगभरच्या पाहण्या एकत्र करून अंदाज मांडला. सुमारे ८ कोटी प्रौढांचा जुगार हाताबाहेर गेलेला आहे, म्हणजे हजारी १४. शंभरात दोनसुद्धा नाहीत, मग एवढी ओरड कशाला, असं कुणालाही वाटेल.

पण हे मोजतात कसं? सर्रास वापरली जाते ती ९ प्रश्नांची यादी. गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळलात का? उसने घेतलेत, वस्तू विकलीत का? सगळे प्रश्न खेळणाऱ्यालाच. जिचं मंगळसूत्र मोडलं तिला कुणी विचारत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या २०१७ सालच्या एका अभ्यासात दिसलं की अशा एका माणसापायी सरासरी ६ जण पोळतात. हिशेब आपणच करू. १४ जणांमागे ८४. म्हणजे हजारातल्या शंभरेक माणसांच्या आयुष्याचा प्रश्न झाला! त्यात बायको आली, आई आली, पोरं आली.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईला विचारतात, नवरा दारू पितो का? जुगाराचा प्रश्नच नाही. केंद्रावर येणाऱ्या बाया मला सांगतात, "ताई, पीत नाही, मारत नाही, पण घरात पैसा टिकत नाही." हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा हवाच. पण मुंबईत जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून होता, तरी १९६० नंतर मटका गिरणगावात घरोघरी पोचलाच. तेव्हा कायद्यावर विसंबून चालणार नाही.

माझी सूचना साधी आहे. आपल्या केंद्राच्या नोंदवहीत दारूच्या प्रश्नाखाली आणखी तीन प्रश्न घालू या. घरात कुणी पैसे लावून खेळतं का? तुझ्या नावावर कर्ज काढलंय का? बचत गटाचे पैसे त्यात गेले का? आणि "तू खेळतेस का?" हेही विचारू, पण न रागावता. त्याच अहवालानुसार धोक्याच्या पातळीवर खेळणारे पुरुष शंभरी सुमारे १२ आहेत, तशा बायाही पाच-सहा आहेत.

वर्षभर नोंदी ठेवू. आपल्या वस्तीचा आकडा मग आपणच मांडू.