‘स्लॉग’, कष्ट आणि अभ्यास



परीक्षा जवळ आल्या की घरोघरी एक इंग्रजी शब्द ऐकू येऊ लागतो : ‘स्लॉग’. “सध्या तो नुसता स्लॉग करतोय,” असे आई शेजारणीला कौतुकाने सांगते. “तीन महिने स्लॉगिंग केलं, तेव्हा कुठे निभावलं,” असे नोकरीला लागलेला माजी विद्यार्थी सांगतो. शब्द परका आहे म्हणून त्याला दारातूनच परत पाठवावे, असा आग्रह येथे नाही. ‘मेहनत’ हा शब्दही अरबीतून फारसीच्या वाटेने आला, आणि तो मराठी नाही असे आज कोणी म्हणणार नाही. पण पाहुणा घरात राहायला आला की त्याच्या सामानाकडे एकदा पाहावे, एवढेच.

‘स्लॉग’चा जुना अर्थ आहे जोराचा तडाखा देणे. शब्द एकोणिसाव्या शतकातला. त्याचे मूळ कोशकारांनाही निश्चित सांगता आलेले नाही. त्याच शतकाच्या उत्तरार्धात त्याला दुसरा अर्थ चिकटला : थकले तरी नेटाने पाय ओढत चालत राहणे, आणि पुढे तसेच रेटून काम करीत राहणे. पायदळातील शिपायाला सैनिकी बोलीत ‘फूटस्लॉगर’ म्हणू लागले. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘बूट्स’ या १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितेत आफ्रिकेतील युद्धावर निघालेले शिपाई असेच चालत राहतात. हा शब्द तेथे पावलांच्या ठेक्यासारखा पुन्हा पुन्हा येतो आणि त्या न संपणाऱ्या चालीने माणूस वेडाच्या काठाशी येतो. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे : पायपीट.

भारतातील बहुतेक मुलांना मात्र हा शब्द भेटतो तो कवितेत नव्हे, क्रिकेटच्या समालोचनात. ‘स्लॉग ओव्हर्स’ म्हणजे डावाची अखेरची षटके. तेथे तो जुना तडाख्याचा अर्थ शाबूत आहे : आतापर्यंत काय झाले ते विसरा, आता बॅट फिरवा. मुलाच्या मनात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात आणि वर्षभराचा अभ्यास शेवटच्या दहा षटकांवर येऊन ठेपतो. जून ते डिसेंबर खेळपट्टीवर उभे राहायचे, जानेवारीपासून फटकेबाजी! पालकांनाही हा बेत फारसा खटकत नाही, हे नमूद करणे भाग आहे.

मराठीजवळ श्रमासाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. शेतात माणूस राबतो, एखाद्या कामासाठी खपतो, संसारासाठी झिजतो. मुलांसाठी खस्ता खाल्ल्या जातात, कचेरीत हेलपाटे घातले जातात, पाण्यासाठी वणवण होते. मन नसताना केलेल्या कामाला ‘पाट्या टाकणे’ म्हणतात, आणि दुसऱ्याच्या धाकाने, मोबदल्याविना कराव्या लागणाऱ्या कामाला ‘वेठ’. कोणी, कोणासाठी आणि कशा मनाने श्रम केले, हे यातील प्रत्येक शब्द सांगतो. ‘स्लॉग’ त्यांतले फक्त दमणे सांगतो.

तरीही मुले तोच शब्द का उचलतात? शब्दसंग्रह तोकडा पडतो, हे उत्तर अर्धेच आहे. महाराष्ट्राबाहेरच्या गावात गल्लीतली भाषा वेगळी, दुकानातली वेगळी. मराठी उरते ती घरात आणि वर्गात, हे खरेच. पण या निवडीमागे थोडा संकोचही असावा. ‘कष्ट’ हा शब्द मराठी घरात आजोबांच्या गिरणीतल्या पाळीसाठी किंवा आजीच्या चुलीपुढल्या आयुष्यासाठी राखून ठेवलेला असतो. पंख्याखाली, टेबलाशी बसून गणिते सोडवणाऱ्या मुलाला आपल्या दमण्याला ‘कष्ट’ म्हणताना जीभ अडखळते. उसना शब्द हलका असतो. त्याच्या मागे कोणाचे आयुष्य उभे नसते. हा संकोच मुलाच्या बाजूचा आहे, त्याला नावे ठेवू नयेत.

अडचण इतकीच, की त्याच्या कामासाठीचा शब्द त्याच्याजवळ आधीपासूनच आहे आणि तो इतका वापरातला आहे की त्याचा अर्थ कोणाला ऐकू येत नाही. ‘अभ्यास’ म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा करणे. पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत : तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड नसावा आणि तो आदराने व्हावा. तेथे विषय चित्ताच्या स्थैर्याचा आहे, दहावीच्या परीक्षेचा नव्हे. पण शब्द तोच आहे. ‘स्लॉग’ला पहिली अट कशीबशी पुरी करता येते. स्लॉग ओव्हर्सना तीही नाही. आणि तिसऱ्या अटीचा, म्हणजे हातातल्या कामाविषयीच्या आदराचा, त्या इंग्रजी शब्दाला कधी स्पर्शच झालेला नाही.

मराठी घरांतही हा अर्थ हळूहळू पुसट झाला, त्याचा दोष इंग्रजीवर ढकलता येणार नाही. संध्याकाळी मूल खेळून आले की दारातच प्रश्न येतो, “अभ्यास संपला का?” जे पुन्हा पुन्हा करायचे असते ते त्या दिवशी संपावे, अशी अपेक्षा त्या प्रश्नातच असते. मूल “हो” म्हणते, दप्तर कोपऱ्यात जाते आणि दूरचित्रवाणीवर अखेरची षटके सुरू होतात.