शिलिंगाला लागलेला बट्टा

'बट्टा' हा शब्द आज आपण बहुधा माणसाच्या नावलौकिकाविषयी वापरतो. अमक्याच्या नावाला बट्टा लागला, घराण्याच्या अब्रूला बट्टा लागला, असे आपण म्हणतो. हा शब्द मूळचा सराफकट्ट्यावरचा. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे निरनिराळे रुपये एकाच वेळी चलनात होते. एक देऊन दुसरा घ्यावयाचा, तर सराफ मधला फरक कापून घेई. त्या कपातीचे नाव बट्टा. नाण्याचा उणेपणा आणि माणसाचा उणेपणा ह्या दोहोंना आपल्या भाषेने एकच शब्द द्यावा, ह्यात मला मोठे शहाणपण दिसते. आज मी ज्या दोन नाण्यांविषयी बोलणार आहे, ती मात्र दूरची, पूर्व आफ्रिकेतील आहेत. केन्याचा शिलिंग आणि शेजारच्या युगांडाचा शिलिंग.

ही दोन्ही नाणी एकाच कुळातली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मुलखात आपला हिंदी रुपयाच चालत असे. १५ रुपयांना एक पौंड हा त्याचा भाव. पहिल्या महायुद्धानंतर रुपया मागे पडला आणि १९२२ पासून केन्या, युगांडा व टांगानिका ह्या तिन्ही प्रदेशांत एक सामायिक शिलिंग सुरू झाला. पुढे स्वातंत्र्य आले. १९६६ साली प्रत्येक देशाने स्वतःचा शिलिंग काढला, तेव्हा परस्परांतील दर ठरविताना कुणाला डोके खाजवावे लागले नाही. एकास एक! डॉलरला सात शिलिंग चौदा सेंट हा दोघांचाही भाव. कंपालाची नोट नैरोबीत बट्ट्यावाचून बदलून मिळे.

२५ जानेवारी १९७१ रोजी युगांडात इदी अमीन ह्यांनी लष्कराच्या बळावर सत्ता बळकावली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आशियाई रहिवाशांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. दुकाने, पेढ्या, कारखाने चालविणारी ही हजारो कुटुंबे प्रामुख्याने गुजराती होती. सरकारी कचेऱ्यांतून इमानेइतबारे कारकुनी केलेले गोमंतकीयही त्यांत होते. त्यांची मालमत्ता सैनिकांच्या आणि मर्जीतल्या माणसांच्या हाती गेली. कारखाने थंडावले, साखरेसारखी रोजची वस्तू दुर्मीळ झाली. सरकारचे उत्पन्न घटले, लष्कराचा खर्च मात्र वाढला. मग नोटा छापून वेळ मारून नेण्यात आली.

आता नवल पाहा. १९७५ साली दोन्ही सरकारांनी आपापले शिलिंग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककाशी जोडले, आणि तेही एकाच दराने. म्हणजे बाजारात युगांडाच्या नोटेला कुणी विचारीत नव्हते, तरी कागदोपत्री अजूनही एकास एक! मी स्वतः सरकारी कचेरीत बसणारा माणूस आहे. असला आकडा फायलींतून कसा जिवंत राहतो, हे मला ठाऊक आहे. त्यावर विश्वास कुणाचाच नसतो; परंतु तो बदलण्याचा प्रस्ताव मांडावयाचा कोणी? म्हणून वर्षानुवर्षे तो जसाच्या तसा पुढे जातो.

ह्या आकड्याची किंमत मोजली ती कॉफी पिकविणाऱ्या शेतकऱ्याने. १९७५ च्या जुलैमध्ये ब्राझिलातील कॉफीच्या मळ्यांवर हिमतुषार पडले आणि जगभर कॉफीचे भाव कडाडले. युगांडातील शेतकऱ्याने आपले पीक सरकारी मंडळालाच विकावे, असा नियम होता. मंडळ देणार ते सरकारी दराने हिशेब केलेले शिलिंग, ज्यांत बाजारात काही येत नसे. सीमेपलीकडे, माउंट एल्गनच्या पायथ्याशी केन्यात चेपकुबे नावाचे एक लहानसे ठिकाण आहे. तेथे त्याच पोत्याला केन्याचे शिलिंग रोख मिळत. रात्रीच्या अंधारात पोती सीमा ओलांडू लागली. ह्या चोरट्या व्यापाराला तिकडे 'मागेंडो' म्हणत. कायद्याच्या दृष्टीने तो शेतकरी गुन्हेगार होता आणि त्याला सैनिकांच्या बंदुकीची धास्ती होती. पण त्याने मागितले होते काय? आपल्या घामाचे खरे मोल, इतकेच. ज्यांना सरकारी दराने स्वस्त डॉलर मिळत, ती सत्तेजवळची मंडळी मात्र कायद्याच्या आत राहून श्रीमंत झाली.

१९७९ मध्ये अमीन ह्यांची राजवट संपली. १९८१ साली नव्या सरकारने शिलिंग मोकळा सोडला, तेव्हा डॉलरचा भाव आठाच्या आतून एकदम ऐंशीच्या घरात गेला. केन्याच्या एका शिलिंगाला युगांडाचे आठ-नऊ शिलिंग पडू लागले. यादवी संपेना, महागाई थांबेना. १९८७ च्या मे महिन्यात चलनावरील दोन शून्ये कापून शंभर जुन्या शिलिंगांचा एक नवा शिलिंग करण्यात आला, आणि बदलून देताना शेकडा तीस कर कापला गेला. गाडग्यात पैसे साठविणाऱ्या म्हातारीलाही त्यातून सूट नव्हती. अखेर १९९० साली चलन बदलून देणाऱ्या खासगी पेढ्यांना परवानगी मिळाली, आणि सरकारी दर व बाजारचा दर हळूहळू एकमेकांना भेटले.

२०२४ च्या अखेरीस केन्याच्या एका शिलिंगाला युगांडाचे सुमारे अठ्ठावीस शिलिंग पडत. कापलेली दोन शून्ये परत जोडली, तर अठ्ठावीसशे! केन्याचा शिलिंगही काही अभंग राहिला नाही. सातास एक डॉलर होता, तो त्या वेळी एकशे एकोणतीसच्या आसपास होता. तरीही अठ्ठावीस हा आकडा मला १९७५ च्या 'एकास एक'पेक्षा अधिक सभ्य वाटतो. तो कमीपणाचा आहे, पण खोटा नाही. सीमेवरच्या शेतकऱ्याला तो उजेडात विचारता येतो.

२०१३ साली कंपाला येथे पूर्व आफ्रिकेतील देशांनी पुन्हा एक सामायिक चलन आणण्याचा करार केला. ठरलेली दहा वर्षांची मुदत उलटून गेली. ते नाणे अजून यावयाचे आहे. ते येईल तेव्हा त्यावर चित्र कोणाचे असावे, ह्याची चर्चा होईलच. माझ्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाला मात्र एवढेच वाटते, की त्याचा दर लिहिणाऱ्याने आधी बाजारात एक फेरी मारून यावे. नाण्याला लागलेला बट्टा लपविला, की तो राज्याच्या नावाला लागतो.