गुंठ्याचा भाव आणि घराची जागा
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती रूढ झाली तेव्हा अनेकांकडे गावठाणातली वडिलोपार्जित जागा असायची. काळजी असायची ती दगड, लाकूड आणि गवंडी यांची. आज मात्र पहिली वीट लागण्याआधीच पैशाचा मोठा भाग जागेत जातो. मग घरासाठी काय उरतं?

जागा बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘गुंठा काय भावानं?’ प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. आपल्याला राहायचं असतं ते गुंठ्यावर नव्हे, त्या गुंठ्यावर जेवढं घर बसतं त्यात.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. पण एवढ्या सगळ्या जागेवर घर बांधता येत नाही. चारही बाजूंनी मोकळी जागा सोडावी लागते. सरकारी भाषेत तिला सामासिक अंतर म्हणतात. ते किती, हे गाव, रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचं माप यांवर ठरतं. रो-हाऊसच्या मंजूर रेखांकनात बाजूचं अंतर काही वेळा सुटतं. आपण हिशेबापुरतं समोर १० फूट आणि बाकी तीन बाजूंना ५ फूट धरू. मग रुंदी उरली २३ फूट, खोली १८ फूट. म्हणजे ४१४ चौरस फूट.

आता दोन गुंठे घ्या, ३३ फूट रुंद आणि ६६ फूट खोल. तेवढंच अंतर सोडलं तर २३ गुणिले ५१, म्हणजे १,१७३ चौरस फूट मिळतात. जागा दुप्पट झाली, पण घराची जागा जवळजवळ पावणेतीन पट झाली. कारण सोडायची अंतरं तेवढीच राहतात आणि लहान प्लॉटला ती जास्त खातात. आकाराचंही तसंच. तेच दोन गुंठे २० फुटी चिंचोळ्या पट्टीत मिळाले, तर घराला रुंदी उरते १० फूट. भिंती वजा केल्या की खोली साडेआठ फुटांची.

आता भाव लावू. समजा, एक गुंठ्याचा प्लॉट ८ लाखांना आहे आणि दोन गुंठ्यांचा, गुंठ्याला ७ लाख दरानं, १४ लाखांना. तळमजल्याच्या फुटावर जागेचा खर्च पहिल्यात साधारण १,९३० रुपये पडतो, दुसऱ्यात १,१९० च्या आसपास. म्हणजे मोठा प्लॉट स्वस्त?

थांबा. समजा, निवृत्तीच्या वेळी हातात ३० लाख आले आहेत. मोठा प्लॉट घेतला तर १६ लाख उरतात. बांधकामाचा दर फुटाला २,००० रुपये धरला, तर हे सगळे पैसे ८०० फुटांतच संपले. दस्त, बोअर, कुंपण, वीजजोडणी यांना काही शिल्लक नाही. लहान प्लॉटवर दोन मजले मिळून ८२८ फूट होतात. त्याला साडेसोळा लाख लागतात आणि वरच्या खर्चाला पाच-साडेपाच लाख हातात राहतात. पण जिना आला, आणि साठीनंतर गुडघे जिन्याला दाद देत नाहीत. मोठ्या प्लॉटवर सुरुवातीला ६०० फुटांचं बैठं घर बांधून पुढे वाढवता येतं. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत हीच ठेवा. आधी घर किती हवं ते ठरवा, मग त्याला प्लॉट किती लागतो ते काढा आणि भाव सर्वांत शेवटी विचारा.

दस्ताचा खर्चही विसरू नका. सरकारी मूल्यदर तक्त्यातली किंमत आणि करारातली किंमत, यांत जी जास्त तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं.

स्वस्त गुंठा का स्वस्त आहे, हेही विचारलं पाहिजे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडून विकण्यावर बंधन घातलं. अलीकडच्या काळात त्यात सवलती आल्या, पण ती सवलत आपल्या भागाला आणि आपल्या व्यवहाराला लागू आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावं. पाच-सहा जणांच्या सामाईक सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे प्लॉट झाला, असं नाही. आपला तुकडा नेमका कोणता, हे त्यावरून ठरत नाही. बांधकाम परवानगी आणि कर्ज दोन्ही तिथंच अडतात. मंजूर रेखांकन, पोहोचरस्ता आणि मोजणीची ‘क’ प्रत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘आत्ता प्लॉट घेऊन ठेवू, घराचं पुढे बघू’ असंही पुष्कळजण म्हणतात. ती गुंतवणूक झाली, घर नव्हे. तोवर राहत्या घराचं भाडं चालूच राहतं, बांधकामाचे दर वाढतात आणि प्लॉटवर राखण ठेवावी लागते. प्लॉटसाठी कर्ज काढलं, तर ठरावीक मुदतीत बांधकाम करण्याची अटही अनेकदा असते. जागेतच सगळी पुंजी संपणार असेल, तर न बांधण्याचा निर्णय हाही शहाणपणाचाच आहे. लहानसा तयार फ्लॅट घ्यावा किंवा थोडं लांबचं गाव पाहावं. जोत्यापर्यंत येऊन थांबलेलं घर म्हातारपणी फार जड जातं.

म्हणून विसार देण्याआधी एक करा. दोरी आणि फक्की घेऊन घरातल्या सगळ्यांसह जागेवर जा. सोडायची अंतरं सोडून घराची रेघ आखा. स्वयंपाकघर कुठं, आईची खाट कुठं, ते उभं राहून पाहा. त्या रेघेत तुमचा संसार मावत असेल आणि बांधायला पैसे उरत असतील, तरच भावाची घासाघीस सुरू करा.