खाली दुकान, वर घर – पण आधी कागद

(कळंबा येथील तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि भगिनींनो, आज विषय घराचा आहे. आपल्यातले बरेच जण गॅरेज, शिलाई, फर्निचर, बेकरी, मोबाइल दुरुस्ती अशा धंद्यात आहेत. शहरात गाळ्याचं भाडं आणि घराचं भाडं, दोन्ही भरता भरता महिना संपतो. म्हणून प्रत्येकाच्या मनात एकच नकाशा असतो. एखादा गुंठा घ्यायचा, खाली दुकान काढायचं आणि वर राहायचं. त्यासाठी नजर जाते ती कळंब्याकडे, पाचगावकडे, उचगावकडे.

हा नकाशा नवा नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, ती व्यापारासाठी आखून दिलेली पेठ होती. धंदा करणाऱ्या माणसाला शहरात हक्काची जागा मिळाली की तो भाडेकरू राहत नाही, नागरिक म्हणून उभा राहतो. पण ती जागा आखलेली होती, नोंदलेली होती. आपण नेमकं तेच विसरतो.

लोक मला विचारतात, परवानगी काढायला किती त्रास होतो, किती पैसे जातात? माझं उत्तर असं की परवानगी अवघड नाही. अवघड आहे तो चुकीचा गुंठा. पैसे बुडतात ते नकाशा मंजूर करताना नाही, जागा घेताना बुडतात.

पहिला प्रश्न हद्दीचा. तलाव, जेल, रिंगरोड, सगळ्याला आपण ‘कळंबा’ म्हणतो. पण काही वस्ती महापालिकेत आहे, काही ग्रामपंचायतीत. कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली. पुढे हद्दवाढीचा वाद चिघळत राहिला, आणि २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्यामुळे बांधकामाचा अर्ज कुठे करायचा हे तुमच्या गट नंबरवर ठरतं. एजंट सांगतो त्यावर जाऊ नका. संबंधित कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. ती जमीन रहिवास विभागात आहे की शेती विभागात, तिच्यातून विकास आराखड्याचा रस्ता जातो का, हे त्यातच कळतं.

दुसरा प्रश्न मालकीचा. सातबारा नीट वाचा. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? इतर हक्कात काय लिहिलंय? आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी पुष्कळ आहेत. मशीद-दर्ग्याच्या इनामी आणि वक्फ जमिनीही आहेत. वहिवाटदार आपल्या ओळखीचा आहे, आपल्याच समाजाचा आहे, म्हणून ती जमीन विकायचा हक्क त्याला मिळत नाही.

तिसरा प्रश्न तुकड्याचा. शेतातून एक-एक गुंठा पाडून शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतात. नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावं लागतं. नोंदणी फी एक टक्का असते, तीही ३० हजारांच्या वर जात नाही. मुद्रांक शुल्क वेगळं. हे पैसे वाचवायला जाणारा माणूस सगळा गुंठाच पणाला लावतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे असे व्यवहार वर्षानुवर्षं अडकले. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याचा मार्ग मिळाला. पण सवलत आपोआप लागू होत नाही. अर्ज करावा लागतो, शुल्क भरावं लागतं. तुमच्या वडिलांनी पंधरा वर्षांपूर्वी असा गुंठा घेतला असेल, तर तुमचं पहिलं काम वरचा मजला चढवणं नाही, तो गुंठा नियमित करून घेणं आहे.

आता परवानगीकडे येऊ. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे, जिला आपण युनिफाइड डीसीआर म्हणतो. त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी सोपी वाट ठेवली आहे. परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने नियमात बसणारा नकाशा करून दाखल करायचा, शुल्क भरायचं, आणि ती पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी दहा दिवसांत परवानगी द्यायची आहे. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे आपली बहुतेक स्वप्नं या सगळ्यात सोप्या गटातच बसतात! अट एकच, भूखंड कायदेशीर हवा. आणि दुकान काढायचं असेल तर समोरच्या रस्त्याची रुंदी आधी पाहा. अरुंद गल्लीत रोजच्या गरजेचं छोटं दुकान चालतं. वेल्डिंगचं वर्कशॉप किंवा गॅरेज चालेलच असं नाही.

खर्चाचा हिशेब मांडूया. दर मी उदाहरणापुरते धरतोय, तुमच्या गटाचा रेडी रेकनर दर तुम्ही पाहा. एक गुंठा जागा, रेडी रेकनर आठ हजार रुपये चौरस मीटर. खाली ५५ चौरस मीटरचं दुकान, वर तेवढंच घर. विकास शुल्क घराला जमिनीवर अर्धा टक्का आणि बांधकामावर दोन टक्के. दुकानाला दोन्ही दुप्पट. हिशेब केला तर जमिनीचे चार ते आठ हजार, घराच्या मजल्याचे ८,८००, दुकानाचे १७,६००. बांधकाम १,८०० रुपये चौरस फुटाने धरलं तर खर्च साधारण २१ लाख. त्यावर एक टक्का कामगार उपकर म्हणजे २१ हजार. मोजणी, छाननी शुल्क, अभियंत्याची फी यांना ४० हजार धरा. सगळं मिळून लाखाच्या आत. म्हणजे शंभर रुपयांच्या कामात पाच रुपयेसुद्धा नाहीत. वरच्या गच्चीला लोखंडी जिना आणि पुढे पत्र्याचं छप्पर काढायला आपण याहून जास्त घालवतो.

‘हळूहळू बांधतो, मग परवानगी कशाला?’ असंही ऐकू येतं. आपल्यातले अनेक जण व्याजाचं कर्ज टाळतात. भिशी लागली की जोता, पुढच्या वर्षी स्लॅब, असं काम चालतं. यात गैर काही नाही. बांधकाम परवानगी एक वर्षाची असते आणि आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवून घेता येते. पूर्ण घराचा नकाशा एकदाच दाखल करा आणि टप्प्याटप्प्याने बांधा. काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र मात्र घ्या.

काही जण वेगळी पळवाट काढतात. शेतात गोठा म्हणून शेड मारायचं, मग त्यालाच शटर बसवायचं. गोठा शेतकऱ्याच्या शेतीच्या वापरासाठी असतो. शटर बसलं, की ते दुकान झालं. मग गोठ्याची सवलत कामी येत नाही.

आता ज्या कागदांच्या भरवशावर आपण निर्धास्त झोपतो, त्यांच्याबद्दल. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. वीज मीटर आलं म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं की वीज-पाण्याची जोडणी भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी.

इथे थोडं मोकळं बोलतो. गेल्या काही वर्षांत बुलडोझरच्या बातम्या पाहून आपल्या मनात भीती आहे. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही. आधी १५ दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी, कारणांसह लेखी आदेश, हे सगळं आवश्यक आहे. हा निकाल प्रत्येकाने समजून घ्यावा. पण त्याच निकालात हेही आहे की रस्ता, पदपथ, नदी किंवा जलाशयालगतच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही. तेव्हा नाल्याच्या काठावरचा, तलावाच्या बाजूचा गुंठा स्वस्त का मिळतो, हे विचारा. भेदभावाविरुद्ध लढायला आपला पाय कायद्याच्या जमिनीवर हवा. कच्चा कागद असला की आपली न्याय्य तक्रारही कच्ची पडते.

आणि हा प्रश्न घरातल्या न्यायाचाही आहे. नोटरीच्या घरात बहिणीचा हिस्सा कुणी मोजत नाही, कारण कागदावर मोजण्यासारखं काही नसतंच. नवरा-बायकोच्या दोघांच्या नावाने नोंदलेलं घर उद्या तिला कुणी रस्त्यावर काढू देत नाही.

तुमच्यापैकी कुणी बारावी झालंय, कुणी डिप्लोमा, कुणी वकिलीला आहे. ऑनलाइन सातबारा काढायला, माहितीचा अर्ज लिहायला तुम्हाला येतं. कुणी लाच मागितली तर १०६४ हा लाचलुचपत विभागाचा नंबर आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या दहा घरांचे कागद येत्या महिन्यात तपासून द्या. कुठल्या घराला गुंठेवारीचा अर्ज हवा, कुठे फेरफार राहिलाय, कुठे भोगवटा घ्यायचाय, याची यादी करा. जागा घ्यायला निघालेल्या प्रत्येक मित्राला एवढंच सांगा, की विसार द्यायच्या आधी झोन दाखला बघ.