चारशे शेकेल चांदी



बायबलमधल्या अब्राहामाची पत्नी सारा 127 वर्षांची होऊन हेब्रोनमध्ये वारली. अब्राहामाने शोक केला आणि उठून तो गावच्या हित्ती लोकांपुढे गेला. पत्नीला पुरायला त्याला जागा हवी होती. हा सगळा देश तुझ्या वंशाला देईन, असे वचन देवाने त्याला कधीच दिले होते. पण त्याच्या नावावर तिथे वीतभरही जमीन नव्हती.

एफ्रोन हित्ती म्हणाला, शेत आणि गुहा फुकट घ्या. अब्राहाम लोकांसमोर वाकला, पण फुकट घेईना. मग एफ्रोनने हळूच आकडा सांगितला: 400 शेकेल. अब्राहामाने घासाघीस न करता चांदी सर्वांदेखत तोलून दिली. शेत, मकपेलाची गुहा आणि बांधावरची झाडेसुद्धा त्याची झाली.

तालमूद या यहुदी ग्रंथातल्या धर्मगुरूंनी नेमका हाच प्रसंग उचलला. वचन मिळालेल्या भूमीत कबरीसाठी पैसे मोजावे लागले, तरी अब्राहामाने देवाला जाब विचारला नाही, याचे त्यांना मोल वाटले.

हा माणूस मुळात गप्प बसणारा नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवे. सदोम नगराचा नाश होणार हे कळताच त्याने थेट देवाशी वाद घातला. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? असे करत तो दहापर्यंत आला. यहुदी श्रद्धेत देवाला प्रश्न विचारणे वर्ज्य नाही, ते इथे दिसते. मला मोठी वाटते ती त्याची निवड: परक्या नगरासाठी तो भांडला, स्वतःच्या दुःखात मात्र त्याने तक्रार केली नाही.