घरदुरुस्तीत घरमालकाचे स्थान



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार माजविला. ५२ गावे नव्याने वसविली गेली, हे सर्वश्रुत आहे. परंतु सुमारे अडीच हजार गावांतील जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती व बळकटीकरण हे त्याहून अवघड कार्य होते. येथे काम ठेकेदाराकडे न देता घरमालकाकडेच सोपविले गेले. अर्थसाहाय्य हप्त्याहप्त्याने मिळे. अभियंत्याने एक टप्पा तपासल्यावरच पुढचा हप्ता. गावोगावी नेमलेल्या संवाद सहायक भगिनींनी ही माहिती घरोघरी पोहोचविली.

तथापि दगडमातीच्या भिंतीत आरपार दगड बसविणे, छतावरील मातीचा भार उतरविणे, दारे-खिडक्यांवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरविणे, या उपायांवर लोकांचा विश्वास सहजी बसेना. ज्या भिंतींनी आप्तेष्ट हिरावून नेले, त्यांच्याच आडोशाला पुन्हा कसे निजावे? अनेकांनी त्या पैशांत नवी खोली बांधली; जुने घर मात्र होते तसेच, धोकादायक राहिले.

म्हणून अशा योजनेत निधीइतकेच महत्त्व समजावून सांगण्याला आहे. घरधनी आपल्या कुटुंबासह त्या घरात निर्धास्त निजू लागला, तरच सार्वजनिक पैसा सत्कारणी लागला असे म्हणावे.