समुद्रकाठची ‘दुर्लक्षित’ जमीन



चाळीस वर्षे शहरात नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर समुद्राकाठी चार गुंठे जागा आणि लहानसे घर असावे असे वाटले, तर त्यात गैर काही नाही. शहरातील दोन खोल्या विकून कोकणात स्वस्तात राहता येईल, हा त्याचा हिशेबही चुकीचा नाही. प्रश्न उपस्थित होतो तो ‘अजून कोणाचे लक्ष न गेलेला किनारा’ या जमीन-दलालांच्या घोषणेने.

वस्तुतः कोकणात असा किनारा नाही. ज्या पुळणीवर सातबाऱ्याला कोणाचे नाव नाही, तेथे होड्या ओढल्या जातात, जाळी शिवली जातात, सुकटीची वाळवणे पडतात. हा वापर पिढ्यानुपिढ्यांचा असला तरी महसुली दप्तरात त्याची नोंद क्वचितच सापडते. मागच्या नारळी-पोफळीच्या आगरावर अनेक सामाईक हिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांतील बरेच मुंबईला असतात. अडलेल्या एकाचा हिस्सा कमी भावात घेतला जातो, कुंपण पडते आणि वाडीची समुद्रावर जाण्याची पायवाट बंद होते. जमीन स्वस्त भासते, कारण त्या वाटेची किंमत कोणी मोजलेली नसते.

विकणारा अडतो तो का? कोकणचा संसार दीर्घकाळ मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालला. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो आधार खचला आणि जमीन हीच शेवटची पुंजी उरली. पुढे त्याच जमिनीचा भाव चढतो, तो खरेदीदाराच्या श्रमाने नव्हे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. खर्च सार्वजनिक, वाढीव मोल मात्र आधी जमीन अडवून बसलेल्याचे. अशा अनर्जित उत्पन्नावर समाजाचा हक्क आहे, असे जॉन स्टुअर्ट मिल आणि हेन्री जॉर्ज यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितले होते.

याच किनाऱ्यालगत, अलिबाग तालुक्यातील चरी येथे, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. नारायण नागू पाटील त्या लढ्याचे नेते होते. १९४८ च्या कुळकायद्याची वाट अशा लढ्यांनी तयार केली. त्याच कायद्याच्या ६३ व्या कलमान्वये शेतकरी नसलेल्यास परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. परंतु जमीन बिनशेती करून तिचे भूखंड पाडले की ही अट निष्प्रभ होते.

किनारा मोकळा ठेवावा, असे इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये राज्यांना लिहिले. १९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरविला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात तो ५० मीटरवर आणण्याची मुभा दिली. वाळवणाची जागा नेमकी याच पट्ट्यात येते.

तेव्हा निवृत्त कारकून वा शिक्षक हा शत्रू नव्हे. पुष्कळदा तोही फसतो. भरतीरेषा न पाहता आयुष्याची पुंजी गुंतवितो आणि बांधकामाची परवानगी मिळत नाही म्हणून हताश होतो. कार्यकर्त्यांनी त्यालाही बरोबर घ्यावे आणि तीन मागण्या लावून धराव्यात. विक्रीपूर्वी पायवाटा, होड्यांच्या व वाळवणाच्या जागा ग्रामसभेत नोंदल्या जाव्यात. सार्वजनिक कामांमुळे वाढलेल्या जमीनमूल्याचा वाटा गावाकडे यावा. निवृत्तांसाठी विक्रीऐवजी दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असावा. त्यातून त्यांना घर मिळेल आणि गावाला उत्पन्न, शिवाय जमीनही गावाकडेच राहील.

सायंकाळी समुद्र पाहण्याचा हक्क सर्वांचा आहे. परंतु पहाटे त्यात होडी लोटणाऱ्याचा हक्क त्याआधीचा आहे.